आजोबांची जीप रुळावर चढणार होती

(आमच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)

आज विषय जरा वेगळा आहे, आणि खरं सांगायचं तर घरचाच आहे. आज मी तुम्हाला एका जीपची गोष्ट सांगणार आहे. ही जीप आमच्या पार्किंगमध्ये गेली आठ वर्षं ताडपत्रीखाली उभी होती, आणि तीन महिन्यांपूर्वी ती चक्क रेल्वे होता होता राहिली.

हो, रेल्वे. बरोबर ऐकलंत.

झालं असं. एका रविवारी पप्पांना फोन आला. वेरूळच्या रस्त्यावर एकांचं रिसॉर्ट आहे. नाव नाही घेत, माणूस चांगला आहे. त्यांना लहान मुलांसाठी रिसॉर्टभर फिरणारी छोटी गाडी करायची होती. रूळ आणले होते, तीन छोटे डबे तयार होते. आता त्या डब्यांना ओढायला त्यांना नेहमीचं खोटं खोटं वाफेचं इंजिन नको होतं. त्यांना जीप हवी होती. जुनी, खरी, चौकोनी तोंडाची जीप. तिची टायरं काढायची, लोखंडी चाकं लावायची आणि रुळावर चढवायची. त्यांना कुणीतरी सांगितलं की तुमच्याकडे एक आहे.

पावणेदोन लाख देतो म्हणाले.

आता आमच्या घरात पावणेदोन लाख म्हणजे काय, ते सांगते. माझ्या धाकट्या भावाची पुण्याची हॉस्टेलची फी आणि वर थोडेफार. पप्पा फोनवरच म्हणाले, "या बघायला." आजी काहीच बोलली नाही. ती उठून आत गेली. आमच्या घरात आजी न बोलता आत गेली की सगळ्यांना कळतं काय ते.

जीपबद्दल थोडं सांगते. महिंद्राची सीजे-थ्री-बी, १९६७ची. तुम्ही ती नक्की पाहिली असणार. जुन्या मराठी सिनेमात फौजदार ज्यातून उतरतो, तीच. तिचं बॉनेट इतर जीपपेक्षा उंच असतं, आणि त्याला कारण आहे. मूळ विलीज कंपनीने १९५३मध्ये या जीपमध्ये हरिकेन नावाचं नवीन पेट्रोल इंजिन बसवलं. ते जुन्या इंजिनपेक्षा उंच होतं, म्हणून बॉनेट वर उचलावं लागलं. म्हणजे ते रूप कुणी डिझाइन म्हणून काढलेलं नाही. आत मावेना म्हणून झाकण वर गेलं, एवढंच.

आजोबा जायकवाडीच्या कालव्यांवर छोटे ठेकेदार होते. जायकवाडीचं काम १९६५ला सुरू झालं आणि १९७६मध्ये धरणाचं उद्घाटन झालं. त्या काळात पैठणच्या पुढे कुठे धड रस्ते होते? आजोबांनी ही जीप एका लिलावात घेतली. आजी सांगते, पप्पांच्या जन्माच्या वेळी ती याच जीपमधून पैठणहून शहरात आली होती, पावसात, मागच्या बाकावर आडवी. त्यामुळे पप्पा जेव्हा "ते भंगार" असं म्हणतात ना, तेव्हा आजीला ते आवडत नाही.

बरं. आता माझं ऐका. मला ही रुळावरची कल्पना पहिल्या दिवशी प्रचंड आवडली होती. हे मी कबूल करते. कारण जीप रुळावर चालवणं हा काही रिसॉर्टवाल्यांचा शोध नाही. हे खरंच झालेलं आहे, आणि युद्धात झालेलं आहे.

दुसऱ्या महायुद्धात सहा लाखांहून जास्त जीप बनल्या. त्यातल्या काही ब्रह्मदेशात आल्या, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये. १९४४मध्ये ब्रिटिशांची ३६वी डिव्हिजन मोगाऊंगहून दक्षिणेकडे सरकत होती. बाजूने रेल्वेलाइन होती, पण ओढायला इंजिनं नव्हती, बॉम्बहल्ल्यांत मोडली होती. पावसाळ्यात रस्ता म्हणजे नुसता चिखल. मग सैन्याने काय केलं? जीपची रबरी चाकं काढली आणि कडा असलेली लोखंडी चाकं लावली. ही चाकाची कडा, म्हणजे फ्लँज, रुळाच्या आतल्या बाजूने धरून राहते, म्हणून गाडी रुळावरून उतरत नाही. आणि त्या जीपला मागे मालाचे डबे जोडले. रसद पुढे, जखमी मागे. 'जीप ट्रेन' म्हणायचे त्याला.

तुम्ही म्हणाल, एवढीशी जीप डबे कशी ओढणार? साठ हॉर्सपॉवरचं तर इंजिन. पण लोखंडावर लोखंड फिरतं तेव्हा रबर आणि डांबरापेक्षा अडथळा फारच कमी असतो. रस्त्यावर जेवढी ताकद एक ट्रॉली ओढायला लागते, तेवढ्यात सपाट रुळावर कितीतरी जास्त वजन सरकतं. अवघड असतं ते थांबवणं. त्यावर येतेच मी.

आणखी एक गंमत. ब्रह्मदेशातली ती लाइन मीटर गेज होती. रुळांमधलं अंतर एक मीटर. आणि त्या काळी आपल्या स्टेशनवरून जी गाडी धावायची, मनमाडहून निजामाच्या हैदराबादकडे, तीही मीटर गेजच. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ब्रॉड गेज आली. घरात विचारून बघा, आईबाबांना ती छोटी गाडी आठवत असेल.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. कोलोरॅडोच्या डोंगरात रिओ ग्रँड सदर्न नावाची तीन फुटी नॅरो गेज रेल्वे होती. मंदीच्या काळात ती बुडायला आली. वाफेची गाडी चालवायची म्हणजे कोळसा, पाणी, माणसं, आणि प्रवासी तर चार. पण टपालाचं कंत्राट होतं, ते गेलं तर सगळंच गेलं. मग १९३१मध्ये त्यांच्या कारखान्यातल्या लोकांनी एक ब्युइक मोटार घेतली, तिला रेल्वेची चाकं लावली आणि मागे सामानाची पेटी जोडली. पुढे पिअर्स-ॲरो नावाच्या मोठ्या मोटारींपासून अशा आणखी गाड्या केल्या. लोक त्यांना 'गॅलपिंग गूज' म्हणायचे, बहुधा ती हेलकावे खात हंसासारखी डुलत जायची म्हणून. या मोटारींच्या जिवावर ती रेल्वे जवळपास वीस वर्षं तगली.

हे सगळं वाचून मी पप्पांना म्हणाले, "द्या जीप! काय भारी होईल!" आणि आजीकडे बघायचं टाळलं.

मग आम्ही जीप टोचन करून जुन्या मोंढ्याजवळच्या गॅरेजवर नेली. तिथले चाचा आजोबांच्या काळापासून ही जीप ओळखतात. रिसॉर्टवालेही आले. चाचांनी पहिला प्रश्न विचारला, "पटरी कितने की है?"

ते म्हणाले, "दोन फूट."

चाचांनी काही न बोलता टेप काढली आणि माझ्या हातात एक टोक दिलं. आम्ही पुढची दोन चाकं मध्यापासून मध्यापर्यंत मोजली. एकोणपन्नास इंच. म्हणजे चार फूट एक इंच.

इथे जरा थांबूया, कारण सगळी गोष्ट या आकड्यांत आहे. आपल्याकडची ब्रॉड गेज पाच फूट सहा इंच, म्हणजे सहासष्ट इंच. मीटर गेज साधारण साडेएकोणचाळीस इंच. बार्शी लाइट रेल्वे आठवते? कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने १८९७मध्ये सुरू केलेली. ती अडीच फूट, तीस इंच. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातली पाचोरा-जामनेर आणि विदर्भातली शकुंतला, त्याही तीस इंच. आणि माथेरानची गाडी दोन फूट, चोवीस इंच. रिसॉर्टवाल्यांचे रूळ माथेरानच्या मापाचे.

आता हिशोब करा. ब्रह्मदेशात एकोणपन्नासवरून साडेएकोणचाळीसवर यायचं होतं. फरक साडेनऊ इंच, एका बाजूला पाच इंचांहून कमी. चाचा म्हणाले, तेवढं खोलगट चाक आतल्या अंगाने बसवून भरून निघतं. एक्सलला हात लावायची गरज नाही. काम झालं की लोखंडी चाकं काढा, टायर लावा, परत रस्त्यावर.

पण एकोणपन्नासवरून चोवीसवर यायचं तर एका बाजूला साडेबारा इंच आत जावं लागतं. आणि तिथे आत काय आहे? कमानपाटे आहेत. ज्यांच्यावर अख्खी जीप बसलेली असते, ते. चाचांनी मला वाकून दाखवलं. म्हणजे चाक कमानपाट्यांच्याही आत न्यावं लागणार. त्यासाठी पुढचा आणि मागचा दोन्ही एक्सल कापायचे, छोटे करून वेल्डिंग करायचे, कमानपाटे हलवायचे, त्यासाठी चासी कापायची. स्टिअरिंग तर काढूनच टाकायचं. रुळावर वळवायचं कशाला? रूळच वळवतात.

चाचा म्हणाले, "बेटा, पहिया बदला तो वापस आता है. काटा तो काटा."

मंडळी, हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. पण ते लगेच पटलं नाही, हेही सांगते.

कारण मला वाटलं, कापलं तर काय बिघडलं? ब्युइक कापलीच होती की. आणि आपली जीप तरी कुठे 'ओरिजनल' राहिली आहे? ऐंशीच्या दशकात पेट्रोल परवडेना म्हणून आजोबांनीच तिचं हरिकेन इंजिन काढून डिझेल इंजिन बसवलं होतं. मराठवाड्यात अशा किती जीपचं हेच झालं. डिझेल टाकलं, मागचा भाग लांबवला, काळी-पिवळी केली, आणि तिने गावंच्या गावं बाजाराला नेली. जीप जशीच्या तशी ठेवणं ही चैन आपल्याकडे कुणाला होती?

मग मी नियम बघितले. २०२१मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांसाठी नियम आणला. पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नवीन नोंदणीची फी वीस हजार. पण अट आहे. गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. म्हणजे आमची जीप डिझेल इंजिनमुळे तिथेच बाद. पप्पा लगेच म्हणाले, "बघ, मी सांगत होतो! भंगार."

आणि रुळावर गेली तर? मोटार वाहन कायद्याचं कलम पंचावन्न सांगतं की गाडी कायमची वापरण्यालायक राहिली नाही, तर मालकाने चौदा दिवसांत कळवायचं आणि नोंदणी रद्द करून घ्यायची. म्हणजे जीपचा तो जुना, एमएच-वीस येण्याच्या आधीचा नंबर, जो आजीला अजून तोंडपाठ आहे, तो संपला. कागदावर ती जीप मेलेली.

त्या रात्री मी आजीला विचारलं, "आजी, आजोबांनी इंजिन बदललं तेव्हा तुला वाईट वाटलं होतं का गं?"

ती म्हणाली, "वाईट कशाला वाटंल? गाडी चालू राहिली ना त्यानं. त्यांनी जुनं इंजिन बरेच दिवस ठेवलं होतं गोठ्यात, पोतं टाकून. म्हणायचे, कधी पेट्रोल स्वस्त झालं तर परत बसवू."

(हसते.) पेट्रोल स्वस्त! आजोबा आशावादी होते.

पण त्या बोलण्यात मला माझं उत्तर सापडलं. आजोबांनी जीप बदलली, पण परत फिरायची वाट ठेवून बदलली. इंजिनचे बोल्ट काढले, बोल्ट लावले. ब्रह्मदेशातल्या सैनिकांनीही तेच केलं, चाकं बदलली. कोलोरॅडोवाल्यांनी मोटार कापली, पण एक अख्खी रेल्वे वाचवायला कापली, तिथे टपाल आणि माणसं वाट बघत होती. आमच्या जीपला कापायचं होतं ते कशासाठी? तीनशे मीटरच्या एका गोल फेरीसाठी. लहान मुलांना मजा येईल, मी नाही म्हणत नाही. पण तेवढ्यासाठी परतीचा रस्ता बंद करायचा?

म्हणून तुम्ही कुठलीही जुनी गाडी मॉडिफाय करायला निघालात, मग ती बाबांची बुलेट असो की मामांची फियाट, तर एवढं एकच विचारा. हे परत पहिल्यासारखं करता येईल का? उत्तर हो असेल तर खुशाल करा. उत्तर नाही असेल तर मग विचारा, हे कुणासाठी करतोय, आणि ते तेवढं मोलाचं आहे का?

आता पुढे काय झालं ते सांगते, कारण नुसतं भाषण देऊन पैसे येत नाहीत.

मी रिसॉर्टवाल्यांना फोन केला. म्हटलं, "काका, रूळ तुमचेच आहेत, जमीन तुमचीच आहे. मग रुळांमधलं अंतर जीपच्या मापाचं ठेवा ना. चार फूट ठेवा. नुसती चाकं बदलली की झालं. जीप भाड्याने देतो." मला वाटलं काय भारी आयडिया आहे. ते शांतपणे म्हणाले, "ताई, डबे दोन फुटाचे तयार आहेत. आणि वळणं बघितलीत का? झाडं तोडू का मी?" त्यांचंही खरं होतं. नॅरो गेज लोक घेतातच त्यासाठी. कमी जागा, घट्ट वळण, हलके रूळ, कमी खर्च. कॅलथ्रॉपने बार्शीला तेच गणित मांडलं होतं. एका एक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, म्हणजे हलक्या रुळावरही रेल्वे चालते.

तिढा सोडवला चाचांनीच. ते म्हणाले, यांना हवं काय आहे? ओढणारं इंजिन आणि जीपचं तोंड. मग जीप कशाला कापायची? दोन फुटाची साधी लोखंडी फ्रेम बनवू, छोटे एक्सल घालू, वरून पत्र्याची जीपसारखी बॉडी ठोकू. आणि तुमच्या जीपमधलं डिझेल इंजिन त्यात टाकू. ते तसंही तिचं नव्हतंच.

आणि नव्या फ्रेमचे फायदेही होते, बरं का. जीपला मागे जायला एकच गिअर असतो, रुळावर तर तिला वळूनही येता येत नाही. गोल फेरी असेल तर चालतं, पण मध्येच काही बंद पडलं तर पंचाईत. दुसरं म्हणजे रेल्वेच्या एक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि उतरत्या कडेमुळे वळणावर आपोआप सावरतात. जीपच्या एक्सलमध्ये डिफरन्शियल असतं, दोन चाकं वेगवेगळी फिरतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं ते ब्रेक. लोखंडावर लोखंडाची पकड रबरापेक्षा खूप कमी. पावसात उतारावर मागून तीन डबे पोरांनी भरलेले ढकलत असताना जीपचे एकटे ब्रेक पुरले नसते. नव्या गाडीत चाचांनी प्रत्येक डब्याला वेगळा ब्रेक लावायला सांगितला. नाही लावला तर काम घेणार नाही म्हणाले. तेवढं ऐकलं रिसॉर्टवाल्यांनी.

तर इंजिन विकलं. पस्तीस हजाराला. पावणेदोन लाखाच्या जागी पस्तीस हजार. उरलेल्या फीसाठी पप्पांनी सोसायटीतून कर्ज काढलं, आणि माझ्या पगारातून त्याचा अर्धा हप्ता जातो. हे मी मुद्दाम सांगते. जुन्या वस्तू जपा असं म्हणणं सोपं असतं, त्याचं बिल कुणीतरी भरत असतं. पप्पा अजूनही अधूनमधून ऐकवतात.

जीप परत पार्किंगमध्ये आहे. इंजिन नसलेली. आजोबांनी गोठ्यात ठेवलेलं जुनं इंजिन कधीच भंगारात गेलं. मी आणि चाचा आता एक हरिकेन शोधतोय, जालन्यापासून मालेगावपर्यंत जिथे जिथे जुन्या जीप उघडतात तिथे. तुमच्या गावात कुणाच्या शेडमध्ये पोत्याखाली असं काही पडलं असेल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. खरंच पाठवा.

मागच्या रविवारी आम्ही सगळे त्या रिसॉर्टला गेलो. पत्र्याची जीप रुळावर धावत होती, मागच्या डब्यांत पोरं ओरडत होती. आजी पहिल्या डब्यात बसली. एक फेरी झाल्यावर उतरली आणि म्हणाली, "आवाज तर आपल्याच गाडीचा आहे."

मग जरा थांबून पप्पांना म्हणाली, "ताडपत्री नवीन आण. जुनी गळते."

पप्पांनी आणली.

चला मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. काळजी घ्या, ब्रेक तपासा, आणि पुढच्या भागात पुन्हा भेटूच.